कागद कोणासाठी लिहिला?

कॅप्टन जॉन स्मिथ या इंग्रज शिपाईगड्याने व्हर्जिनियातल्या आपल्या कैदेची हकीकत दोनदा लिहिली. पहिली १६०८ साली छापली गेली. तीत पोव्हाटन हा तिथल्या जमातींचा राजा त्याला खाऊपिऊ घालतो, चार गोष्टी विचारतो आणि सोडून देतो. दुसरी १६२४ सालची. तीत स्मिथचं डोकं दगडावर टेकवलेलं आहे, वर सोटे उगारलेले आहेत आणि राजाची लेक पोकाहोंटस धावत येऊन त्याच्या डोक्यावर आपलं डोकं ठेवते. माणूस तोच, कैदही तीच. मग जिवावर बेतलेला हा प्रसंग पहिल्या वेळी सांगायचा राहिलाच कसा?

अमेरिकेतल्या अकरावीच्या मुलांपुढे हे दोन उतारे शेजारी शेजारी ठेवले, की पहिलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘थापा मारतोय.’ पोकाहोंटसवरचा डिस्नेचा १९९५ चा चित्रपट अनेकांनी लहानपणी पाहिलेला असतो, त्यामुळे या निकालात आपणही फसलो याची थोडी चीड असते. जाणती शिक्षिका हा निकाल लगेच मान्य करत नाही. ती विचारते, पहिला कागद कोणासाठी होता? वसाहतीतून एका मित्राला धाडलेलं ते पत्र होतं. आणि दुसरा? तो लंडनच्या वाचकांसाठी होता. मधल्या काळात पोकाहोंटस ख्रिस्ती झाली होती, इंग्रज नवऱ्याबरोबर १६१६ मध्ये इंग्लंडला आली होती, दरबारात मिरवली होती आणि १६१७ मध्ये तिथेच वारली होती. तिचं नाव आता लंडनला ठाऊक होतं, आणि ‘असं घडलंच नाही’ म्हणायला ना ती उरली होती ना तिचा बाप. इतिहासकारांचं यावर अजून एकमत नाही. काहींच्या मते हा प्रसंग घडलाच नाही. काहींच्या मते घडला, पण तो परक्याला जमातीत सामावून घेण्याचा विधी होता आणि स्मिथला तो उमगला नाही. मुलांनी या वादाचा निवाडा करायचा नसतो. कागदावर कोणाचा पत्ता आहे, एवढं शोधलं की तासाचं काम झालं.

सुरुवातीचं अमेरिकन साहित्य शाळेत शिकवणं का अवघड आहे आणि तरीही ते का शिकवावं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला या एका सवालात दिसतात.

आधी व्यवस्था पाहू. आपल्या राज्य मंडळाचं असतं तसं ठरलेलं एकच पुस्तक तिथे नसतं. राज्य शासन उद्दिष्टं आखून देतं आणि पुस्तकं स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्ट निवडतं. तरी एक रूढी देशभर दिसते. अकरावीला, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘ज्युनिअर’ वर्षाला, इंग्रजीच्या तासाला अमेरिकन साहित्य असतं आणि पुष्कळ ठिकाणी त्याच वर्षी शेजारच्या वर्गात अमेरिकेचा इतिहास चाललेला असतो. पुष्कळ राज्यांनी स्वीकारलेल्या २०१० च्या ‘कॉमन कोअर’ उद्दिष्टांतही अकरावी-बारावीच्या मुलांनी देशाचे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातले पायाभूत दस्तऐवज साहित्यकृतींइतकेच बारकाईने वाचावेत, असं म्हटलं आहे.

पुस्तक कालक्रमाने चालतं, हीच पहिली अडचण. उन्हाळ्याची सुट्टी नुकती संपलेली, मुलं अजून समुद्रकिनाऱ्यावरून मनाने परतलेली नाहीत, आणि वर्षातलं सर्वांत जुनं, सर्वांत अवघड वाचन नेमकं तेव्हाच समोर येतं. वाक्यं अर्ध्या पानाची, लेखनाला धरबंध नाही. त्या काळच्या छापील पानाची प्रत दाखवली तर ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखं दिसतं. मुलं ‘सिन’ला ‘फिन’ वाचतात आणि वर्गात हशा पिकतो. मोडी कागद समोर आल्यावर आपली जी गत होते, तीच त्यांची स्वतःच्या मातृभाषेत होते. म्हणून काही शिक्षक कालक्रम मोडतात आणि ‘स्वातंत्र्य’, ‘परका माणूस’ असे विषय धरून जुनं-नवं एकत्र शिकवतात.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. आपल्याकडे जुनं साहित्य म्हटलं की ओवी, अभंग, पोवाडा डोळ्यांपुढे येतात. ते गाता येतं, कानाला गोड लागतं, अर्थ अर्धा कळला तरी पाठ होतं. अमेरिकेच्या पहिल्या पावणेदोनशे वर्षांतलं लेखन बहुतांशी तसं नाही. त्यात प्रवासाच्या हकीकती, प्रवचनं, रोजनिश्या, कैदेच्या कहाण्या, पंचांगं, पत्रकं आणि जाहीरनामे आहेत. पहिली अमेरिकन कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती थेट १७८९ ची. गोष्टीची अपेक्षा घेऊन आलेल्या मुलाच्या हाती हे दप्तर पडतं. आपल्याकडे याला जवळचं काही असेल तर ती बखर. सभासदाची बखर वाचताना ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली, हे आधी ध्यानात घ्यावं लागतं. मगच तिची वाक्यं नीट कळतात. या दप्तराचंही तसंच आहे.

विल्यम ब्रॅडफर्डचं उदाहरण घ्या. हा प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी आले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे मेले. दहा वर्षांनी, १६३० मध्ये, ब्रॅडफर्डने हा इतिहास लिहायला घेतला आणि पुढे वीसेक वर्षं तो लिहीत राहिला. किनाऱ्याला लागलेल्या त्या माणसांना उतरायला सराई नाही, ओळखीचं कोणी नाही, मागे समुद्र आणि पुढे रान, हे त्याचं वर्णन जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. पण हे लेखन त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही. हस्तलिखित अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत बॉस्टनमधून नाहीसं झालं, १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडलं, १८५६ मध्ये छापून निघालं आणि १८९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत आलं. ब्रॅडफर्डच्या मनातला वाचक घरचाच होता: वाडवडिलांनी काय सोसलं हे विसरत चाललेली वसाहतीतली पुढची पिढी. वडीलधारी माणसं मुलांना आपल्या गरिबीच्या दिवसांबद्दल ज्या सुरात सांगतात, तो सूर एकदा ओळखू आला की मुलांना ब्रॅडफर्ड परका वाटत नाही.

मग त्याच्या पुस्तकातल्या एका माणसापाशी थांबायचं. टिस्क्वांटम, ज्याला ही मुलं बालवाडीपासून ‘स्क्वांटो’ म्हणून ओळखतात. थँक्सगिव्हिंगच्या आधी हाताचा पंजा कागदावर गिरवून त्याची टर्की रंगवली, तेव्हा ऐकलेल्या गोष्टीत हा भला माणूस इंग्रजांना मक्याच्या बियाण्याशेजारी मासे पुरायला शिकवतो. ब्रॅडफर्डच्या लेखी तो देवाने धाडलेला मदतनीस. पण त्याला इंग्रजी येत कसं होतं? १६१४ मध्ये थॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. इंग्लंडमार्गे वाट काढत १६१९ मध्ये तो घरी आला, तेव्हा त्याचं पटक्सेट गाव साथीच्या रोगाने ओस पडलं होतं. प्लिमथ वसलं ते त्याच ओसाड गावठाणावर. हे कळल्यावर ब्रॅडफर्डचं तेच पान मुलं पुन्हा वाचतात. वाक्यं जशीच्या तशी असतात, पण आता त्यांच्या मागे एक रिकामं गाव दिसू लागतं.

प्रवचनांपैकी एक मात्र कोणी गाळत नाही. ८ जुलै १७४१ रोजी एनफिल्ड या गावी पाहुणा म्हणून आलेल्या जोनाथन एडवर्ड्स या धर्मोपदेशकाने संतापलेल्या देवाच्या हातातल्या पाप्यांवर प्रवचन दिलं. आगीवर धरलेला कोळी, बांध घालून अडवलेलं आणि चढत जाणारं पाणी, काळजावर रोखलेला ताणलेला बाण, अशा एकामागून एक प्रतिमा त्यात येतात. एडवर्ड्स आरडाओरडा करणारा वक्ता नव्हता. तरीही ऐकणारे इतके हुंदके देऊ लागले, की त्याला मध्येच थांबावं लागलं, अशी नोंद हजर असलेल्या एका पाद्र्याच्या रोजनिशीत आहे. मुलं रंगीत पेन घेऊन प्रतिमांखाली रेघा मारतात आणि भीती वाक्यावाक्याला कशी चढवत नेली आहे ते पाहतात. जाहिरात आणि प्रचारसभा यांच्या काळात वाढणाऱ्या मुलांना हे काम सरावाचं वाटतं.

इथे एक कायद्याचा मुद्दाही आहे. सरकारी शाळेत प्रवचन शिकवायचं कसं? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये शाळेत उपासना म्हणून होणारं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं, पण साहित्य किंवा इतिहास म्हणून धर्मग्रंथाचा अभ्यास करायला हरकत नाही, हेही सांगितलं. म्हणजे शिक्षिकेने प्रवचन ‘वाचायचं’ असतं, ‘द्यायचं’ नसतं. वर्गात हिंदू, मुस्लिम, ज्यू, काहीच न मानणारी, सगळी मुलं असतात. प्रवचन ऐकणाऱ्या लाकडी बाकांवर १७४१ मध्ये कोण बसलं होतं हे विचारलं, की चर्चा आपसूक योग्य जागी येते.

धोका असा, की या एका प्रवचनावरून प्युरिटन (एडवर्ड्स ज्या परंपरेतला, ते कडक प्रोटेस्टंट) म्हणजे सदा नरकाने घाबरवणारे लोक, असं मुलांचं मत कायमचं होतं. त्यावर उतारा एडवर्ड्सपाशीच आहे. विशीच्या आसपास त्याने हवेत तरंगत जाणाऱ्या कोळ्यांचं निरीक्षण लिहून ठेवलं होतं, आणि त्यात भीतीचा मागमूस नाही, निव्वळ कुतूहल आहे. १७५८ मध्ये तो मेला तोही देवी टोचून घेतल्यामुळे, म्हणजे त्या काळच्या नव्या विज्ञानावर विश्वास टाकून. तोच माणूस, तोच कोळी. ऐकणारा बदलला की कोळ्याचं काम बदलतं.

प्युरिटनांबद्दलचं आणखी एक मत मुलं आर्थर मिलरच्या ‘द क्रुसिबल’ या नाटकातून उचलतात. १६९२ च्या सेलममधल्या चेटूक-खटल्यांवरचं हे नाटक १९५३ चं. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून माणसांना उठवलं-बसवलं जात होतं तेव्हाचं. वर्गात ते रंगतं, कारण भूमिका वाटून वाचता येतं. पण मिलरने नाटकाच्या सोयीसाठी बदल केले. अकरा-बारा वर्षांची अबिगेल त्याने सतराची केली आणि साठीचा जॉन प्रॉक्टर तिशीत आणला. प्रत्यक्षात एकोणीस जणांना फाशी झाली आणि एकाला दगडांखाली चिरडून मारलं. जिवंत जाळलं कोणालाच नाही, तरी मुलांना हटकून तसंच वाटत असतं. पत्ता इथेही तपासावा लागतो: नाटक सेलमबद्दल आहे, पण ते लिहिलं होतं १९५३ च्या न्यूयॉर्कमधल्या प्रेक्षकाला.

बेंजामिन फ्रँकलिनपाशी वर्गाला जरा श्वास घेता येतो. त्याने तेरा सद्गुणांची यादी केली, आठवड्याला एक गुण घेतला आणि चुकलं त्या दिवशी वहीत काळा ठिपका दिला. तेरा आठवड्यांचा फेरा वर्षातून चार वेळा, हिशेब चोख. अनेक शिक्षक मुलांना आठवडाभर असा तक्ता ठेवायला लावतात, आणि फ्रँकलिनला सर्वांत जड गेलेला ‘व्यवस्थितपणा’ हा गुण मुलांनाही जड जातो. त्याच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १७७१ मध्ये मुलाला उद्देशून लिहिलेला आहे. सद्गुणांचा भाग आला १७८४ मध्ये. मधल्या काळात क्रांती झाली आणि तो मुलगा राजाच्या बाजूने उभा राहिल्यामुळे बापलेकांचं तुटलं. दुसऱ्या भागात मुलाला हाक नाही. सद्गुणांचा तो नीटनेटका तक्ता आता साऱ्या देशाच्या नावाने आहे.

१७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा इतिहासाच्या तासालाही असतोच. इंग्रजीच्या तासाला त्याचा खोडलेला भाग पाहावा. थॉमस जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचं खापर इंग्लंडच्या राजावर फोडणारा एक आवेशपूर्ण परिच्छेद होता. वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने तो काढून टाकला. साऊथ कॅरोलिना आणि जॉर्जिया यांची नाराजी हे एक कारण खुद्द जेफरसनने नोंदवून ठेवलं आहे. तो परिच्छेद लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात मिळून सहाशेहून अधिक गुलाम होते. मसुदा आणि अंतिम मजकूर हाती घेतलेल्या मुलांना एक गोष्ट कोणी न सांगता कळते: गाळलेलं वाक्यही काहीतरी बोलत असतं.

ज्यांनी कागदच लिहिला नाही, त्यांचं काय? इरोक्वाय लोकांची, आकाशातून पडणाऱ्या स्त्रीची आणि पाठीवर पृथ्वी तोलणाऱ्या कासवाची कथा आता बहुतेक पुस्तकांच्या पहिल्या धड्यात असते. पण ती पानावर आली ती नंतर कोणीतरी टिपून घेतली म्हणून. मुळात अशा कथा हिवाळ्यात, ऐकणाऱ्यांना समोर बसवून सांगायच्या. छापील पान वाचण्याआधी वर्गातल्या प्रत्येकाने घरची एखादी ऐकीव गोष्ट तोंडाने सांगायची आणि दुसऱ्याने ती लिहून काढायची, असा प्रयोग केला तर सांगण्यातलं काय कागदावर येत नाही ते मुलांना स्वतःच दिसतं.

आता तो धडा, ज्याच्यासाठी हा सगळा सराव. १७६१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून आणलेली सातआठ वर्षांची एक मुलगी बॉस्टनच्या धक्क्यावर विकली गेली. ज्या जहाजातून आली त्याचं नाव ‘फिलिस’, विकत घेणाऱ्याचं आडनाव व्हीटली. तिचं नाव झालं फिलिस व्हीटली. १७७३ मध्ये तिचा कवितासंग्रह लंडनमध्ये छापला गेला. त्याच्या सुरुवातीला एक प्रमाणपत्र आहे: या कविता याच मुलीने लिहिल्या आहेत अशी ग्वाही देणारं, गव्हर्नरसकट बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांच्या नावांचं. कवितेआधी हे पान मुलांच्या हाती द्यावं. आपली कविता आपलीच आहे हे सांगायला अठरा पुरुषांची साक्ष लागते, हे सोळा-सतराव्या वर्षी वाचणं सोपं नाही.

मग आफ्रिकेतून अमेरिकेत आणलं जाण्यावरची तिची आठ ओळींची कविता. ती लिहिली तेव्हा तिचं वय साधारण या मुलांएवढंच होतं. पहिल्या वाचनात वर्ग भडकतो. आपल्याला पळवून आणलं ही देवाची कृपा, असं ती म्हणते! शिक्षिकेने इथे तिची बाजू मांडायची घाई करू नये. वाचणारे कोण, एवढंच विचारावं. मुलं पुन्हा वाचतात तेव्हा शेवटच्या दोन ओळींतलं क्रियापद सापडतं. ते आज्ञार्थी आहे. गुलाम म्हणून राबणारी मुलगी गोऱ्या ख्रिस्ती लोकांना, काळ्या माणसांनाही स्वर्गाची वाट मोकळी आहे हे विसरू नका म्हणून बजावते आहे, तेही त्यांच्याच धर्माच्या भाषेत आणि त्यांच्याच वृत्तात.

तिसरा कागद तिचं एक पत्र. सॅमसन ऑकम हा मोहीगन जमातीतला धर्मोपदेशक. मूळ रहिवाशांच्या शाळेसाठी त्याने इंग्लंडमध्ये फिरून मोठा निधी जमवला. तो पुढे कामी आला डार्टमथ कॉलेजच्या. १७७४ च्या फेब्रुवारीत व्हीटलीने त्याला लिहिलं, तेव्हा ती गुलामीतून मुक्त झाली होती. स्वातंत्र्याची ओढ देवाने प्रत्येक माणसाच्या काळजात घातली आहे, आणि स्वातंत्र्याची हाकाटी करत दुसऱ्याला जखडून ठेवणाऱ्यांच्या बोलण्या-वागण्यात किती अंतर आहे, हे ती यात आडपडदा न ठेवता लिहिते. पुढच्याच महिन्यात हे पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. प्रमाणपत्र, कविता, पत्र. तीन कागद समोर ठेवले, की ‘ती खरं कुठे बोलते आहे?’ हा प्रश्न वर्गच विचारतो. मग कोणीतरी म्हणतं, तिन्ही ठिकाणी. त्या दिवशी शिक्षिकेने फळ्यावर आणखी काही लिहिण्याची गरज नसते.

असे तास आज निर्धास्तपणे घेता येतातच असं नाही. २०२१ पासून अनेक राज्यांनी वंशभेदाबद्दल वर्गात काय आणि कसं बोलावं यावर बंधनं घालणारे कायदे केले आहेत. दुसरीकडे, जुनं सगळं गोऱ्या पुरुषांचं म्हणून बाजूला सारावं, असंही काहींना वाटतं. दोन्ही बाजूंच्या ओढाताणीत शिक्षकाच्या हाती भक्कम असं उरतं ते समोरचं पान. कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, काय गाळलं, हे विचारायला कुठला पक्ष घ्यावा लागत नाही.

या दप्तरात थॉमस पेन असतोच. १७७४ मध्ये तो फ्रँकलिनचं शिफारसपत्र घेऊन इंग्लंडहून अमेरिकेत आला आणि १७७६ च्या जानेवारीत त्याचं ‘कॉमन सेन्स’ हे पत्रक निघालं. विद्वानांसाठीचं लॅटिन त्यात नाही. दाखले बायबलचे, भाषा रोजची, कारण ऐकणारा गुत्त्यात बसलेला साधा माणूस होता. पुढे १७९१ मध्ये, फ्रेंच क्रांतीवर टीका करणाऱ्या एडमंड बर्कला उत्तर म्हणून त्याने ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिलं. त्यावर कुठेही पुण्याचा पत्ता नव्हता. पण ते पुण्यात पोहोचलं आणि तरुण जोतीराव फुल्यांनी वाचलं. १८७३ मध्ये त्यांनी आपलं ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेच्या लोकांना: त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत तो कित्ता गिरवावा म्हणून.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात एखाद्या मराठी घरातलं मूल यंदा अकरावीत असेल, पेनवर निबंध लिहायला बसलं असेल, आणि घरच्या कपाटात ‘गुलामगिरी’ असेल, तर त्याने ती वर्गात न्यायला हरकत नाही. अर्पणपत्रिकेवर पत्ता तिथलाच आहे.